आधी मी चढतो

मित्रांनो, जरा मान वर करा. दुकानाच्या दाराशी भिंतीला टेकून उभी आहे ना, ती मी. मी एक जुनी लाकडी शिडी आहे. माझ्या सगळ्या पायऱ्या तपकिरी आहेत, फक्त वरून तिसरी तेवढी पांढुरकी. म्हाताऱ्याच्या तोंडात एकच नवा दात बसवावा, तशी ती दिसते. येणारेजाणारे तिच्याकडे बोट दाखवून हसतात. खुशाल हसोत बापडे. तिच्या जागच्या जुन्या पायरीपायी एक माणूस उंचावरून जमिनीवर आला आणि दोन जिवलग मित्र भर कोर्टात समोरासमोर उभे राहिले, हे त्यांना कुठे ठाऊक आहे? तुम्हांला मात्र मी सगळे सांगणार आहे.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे काय, तर पत्र्याची लांब शेड आणि घोट्यापर्यंत भुसा. सुताराचा स्वभाव मोठा चिकित्सक होता. माझ्या दांड्यांसाठी त्याने इतक्या फळ्या उलटल्यापालटल्या की लाकूडवाला वैतागून म्हणाला, "लग्न जमवतोयस की शिडी करतोयस?" ज्या फळीत गाठ दिसेल ती त्याने बाजूला टाकली. रेषा सरळ, लाकूड वाळलेले, पोटात कीड नाही, अशीच निवडली. मग रंधा फिरला, खाचा पडल्या, पायऱ्या बसल्या. शेवटी त्याने जवसाच्या तेलात फडके बुडवून मला चोळून काढले. तेल अंगात मुरताना जे सुख झाले, ते अजून आठवते.

मला विकत घ्यायला एक तरुण दुकानदार आला. त्याने नुकतेच भाड्याने वस्तू द्यायचे दुकान टाकले होते. शिड्या, फळ्या, दोरखंड, बादल्या, हातगाड्या, असा सारा पसारा. पुढे सगळा बाजार त्यांना शेठ म्हणू लागला, म्हणून मीही शेठच म्हणते. शेठनी मला खालून वर न्याहाळले आणि विचारले, "रंग नाही दिलात?"

सुतार एकदम गंभीर झाला. "शिडीला रंग कधी द्यायचा नाही, शेठ. तेल द्या, पाहिजे तेवढं द्या. तेलाखालून लाकूड दिसतं. रंगाखाली काय चाललंय ते देवालाच माहीत."

मग त्याने मला भिंतीला लावले. शेठ पाय उचलणार तोच त्याने हात आडवा घातला. "थांबा. आधी मी चढतो." तो एकेक पायरी चढत गेला. प्रत्येक पायरीवर दोन्ही पायांनी दणकन उडी मारी आणि कान देऊन ऐके. वरपर्यंत जाऊन, खाली उतरून, हात झटकून मग म्हणाला, "आता तुमची."

मित्रांनो, शेठनी त्या दिवशी माझ्याबरोबर ही रीतही घरी नेली. दुकानातून शिडी बाहेर पडायची म्हणजे आधी शेठ चढणार. गिऱ्हाईक घाईत असो, ओळखीचे असो, की "राहू द्या हो" म्हणत असो, शेठ पायातले बूट न काढता चढणार, प्रत्येक पायरीवर उडी मारणार आणि ऐकणार. "माझ्या वजनाला टिकली तर कुणाच्याही वजनाला टिकेल," असे ते पोटावरून हात फिरवत सांगत. लग्नानंतर त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, हातच्या जेवणाने ही चाचणी वर्षागणिक जास्तच कडक होत गेली.

तुम्ही माणसे एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखता. आम्ही शिड्या तळव्यांवरून ओळखतो. माझ्यावर विजेचे काम करणारा चढला, तो प्रत्येक पायरीवर क्षणभर थबकत असे. शाळेतल्या बाई नकाशा टांगायला चढल्या, त्यांनी उतरताना डोळे मिटून घेतले होते. झाडावर अडकलेल्या मांजराच्या पिल्लासाठी एक मुलगी चढली, ती तर उडतच गेली. पण माझा सगळ्यात लाडका तळवा होता रंगाऱ्याचा. तो अनवाणी चढे. पायाची बोटे पायरीला अशी धरी, जणू हातच. वर पोचला की गाणे म्हणे. सूर भयंकर असे, पण त्या वेळी त्याचा सगळा भार माझ्यावर निर्धास्त सैल पडलेला असे आणि मला फार आवडे.

रंगारी आणि शेठ जुने दोस्त. दोघांत कधी कागद झाला नाही. रंगारी दारातून ओरडे, "अरे शेठ, शिडी!" शेठ चढून दाखवत, रंगारी खांद्यावर मला घेऊन चालू लागे. काम संपले की परत आणून लावी आणि काकूंना हाक मारी, "वहिनी, तुमची सवत आणून ठेवलीय हो!" शेठ जेवढा वेळ शिड्यांवर घालवतात तेवढा घरात घालवत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. काकू लटक्या रागाने डोळे वटारत आणि चहा टाकत.

असे दिवस छान चालले होते. मग एक माणूस मला घेऊन गेला. नाव कशाला घेऊ? काम झाल्यावर टेम्पोतून उतरवताना त्याने मला हातातून सोडले. फरसबंदीच्या काठावर माझी वरून तिसरी पायरी आपटली. केसाएवढी बारीक चीर गेली. त्याने वाकून पाहिली, इकडेतिकडे पाहिले, आणि मला गुपचूप इतर शिड्यांच्या रांगेत लावून निघून गेला. तोंडातून ब्रही काढला नाही.

शेठ त्या वेळी गावाला गेले होते. त्यांच्या बहिणीचे ऑपरेशन होते. दुकान काकू पाहत होत्या. काकूंना रिकामे बसवत नसे आणि रंगाची भारी हौस. घरातल्या कुंड्या, खिडक्या, पाळणा, सगळे त्यांनी स्वतः रंगवलेले. शेठ परत यायच्या आत दुकानाचे रूप पालटून टाकायचे आणि त्यांना चकित करायचे, असे त्यांच्या मनाने घेतले. पिवळाधमक तैलरंग आला. एकेक शिडी आडवी झाली. माझी पाळी आली तेव्हा त्यांना ती चीर दिसली. "अगं बाई, ओरखडा पडलाय का तुला," म्हणत त्यांनी कुंडीची चीर बुजवावी तशी तिच्यात पुट्टी भरली, वरून बोट फिरवून गुळगुळीत केली, आणि मग रंगाचे दोन हात दिले. किती प्रेमाने, काय सांगू! त्यांच्या बोटांत कपटाचा लवलेशही नव्हता. मी ते अंगावर अनुभवले आहे, म्हणून छातीठोक सांगते.

शेठ परतले आणि दारातच उभे राहिले. समोर पिवळ्या शिड्यांची रांग, आणि शेजारी काकू. त्यांच्या नाकालाही पिवळा ठिपका लागलेला, आणि चेहरा असा की आता शाबासकी मिळणार. शेठनी तोंड उघडले. सुताराचे बोल त्यांच्या जिभेवर आले होते, मला दिसत होते. पण ते म्हणाले, "वा! झकास!"

बायकोचे मन मोडवले नाही, एवढेच. त्यात वाईट काय, असे तुम्ही म्हणाल. मीही तेव्हा तेच म्हटले. खरवडू सावकाश, असे शेठनी मनाशी ठरवले असेल. पण झाले भलतेच. पिवळ्या शिड्या रस्त्याच्या टोकापासून दिसू लागल्या. नवी गिऱ्हाइके येऊ लागली. "तुमच्या शिड्या अगदी नव्याकोऱ्या आहेत हो!" शेठ नुसते हसत. खरवडायचे आज-उद्या करत राहून गेले. आणि मग आणखी एक गोष्ट घडली. पहिल्यांदा चढून दाखवताना शेठच्या बुटाचे काळे ठसे पिवळ्या रंगावर उमटले. काकूंनी हळहळून ते फडक्याने पुसले. पुढच्या वेळी शेठ दोनच पायऱ्या चढले. त्याच्या पुढच्या वेळी हाताने शिडी हलवून पाहिली. मग तेही बंद झाले.

अशात एके सकाळी रंगारी आला. मला पाहून त्याने कपाळाला हात लावला. "शिडीला रंग? तू दिलास?"

"तुझ्या वहिनीनं."

"मग आपण काय बोलणार!" तो हसला. त्याने माझ्या दांड्यावर थाप मारली आणि नेहमीसारखे विचारले, "चढून पाहिलीस ना?"

शेठ दोरखंड गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "अरे, कोरी करकरीत आहे, दिसत नाही का?"

मित्रांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. यात खोटे काहीच नाही. मी कोरी करकरीत दिसतच होते. पण रंगाऱ्याने विचारले होते एक आणि त्याला मिळाले दुसरे. त्याने ते "हो" समजून घेतले, मला खांद्यावर टाकले आणि निघाला.

एका दुमजली इमारतीच्या खिडक्यांना निळा रंग द्यायचा होता. मी भिंतीला उभी राहिले. तो चढू लागला. मी करकरले, जीव तोडून करकरले. एरवी त्याने ऐकले असते. पण खाली त्याचे लक्ष नव्हते, कारण आधी शेठ चढले आहेत, असे तो धरून चालला होता. गाण्याची दुसरी ओळ सुरू होती. वरून तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय पडला, उजवीकडची खिडकी गाठायला तो जरा कलला, आणि काडकन आवाज झाला.

पुढचे मला सांगवत नाही. निळ्या रंगाचा ओघळ फरशीवरून गटारापर्यंत गेला होता. त्याच्या टाचेच्या हाडाचा चुरा झाला. ज्या पायाच्या बोटांनी तो मला धरायचा, तोच पाय.

मला परत आणून दुकानामागच्या शेडमध्ये टाकले. शेठ तिकडे फिरकलेही नाहीत. दवाखान्यात जाऊन आले ते तोंड पाडून बसले. दोनचार दिवसांनी रंगाऱ्याची बायको दुकानात आली. ती बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "भाऊजी, ह्यांनी एकच विचारायला सांगितलंय. तुम्ही चढून पाहिली होती का?"

"अहो वहिनी, तिला तडा होता हे मला काय माहीत? देवाशपथ माहीत नव्हतं!"

"तड्याचं मी विचारलंच नाही. चढलात का, ते विचारतेय."

शेठ दोरखंडाकडे बघत राहिले.  ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, परत शिडी चढता येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. रंगाऱ्यानं जमिनीवर बसून काय रंगवायचं, भाऊजी? विश्वासानं मान ठेवली त्यांनी तुमच्या मांडीवर, आणि तुम्ही केसानं गळा कापलात." आणि ती गेली. शेडच्या फटीतून मी सगळे पाहिले. काकू आत होत्या. चहाचे आधण उकळून उकळून आटून गेले तरी त्या बाहेर आल्या नाहीत.

रंगाऱ्याने भरपाई मागितली आणि अशी ती गोष्ट कोर्टात गेली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे तुम्ही म्हणता. मी स्वतः पायऱ्यांचीच बनलेली, त्यामुळे मला ही म्हण जरा लागते. पण तिथे मलाही जावे लागले, कारण मी पुरावा होते. दारातून मला आत नेताना अशी काही गंमत उडाली की काय सांगू. सरळ जाईना, आडवी वळेना. शेवटी दोन शिपायांनी मला खिडकीतून आत घेतले आणि त्यात एकाच्या डोक्यावरची टोपी मी अलगद उडवली. सगळे हसले. रंगारी आणि शेठ मात्र हसले नाहीत. दोघे दोन बाजूंना बसले होते. रंगाऱ्याच्या काखेत कुबडी होती.

शेठचा वकील हुशार होता. आदल्या दिवशी दुकानात बसून त्याने शेठना समजावले होते. "तुम्हाला खोटं बोलायचंच नाही. दोनच वाक्यं. एक, मला तडा ठाऊक नव्हता. दोन, शिडी मी रंगवली नाही. दोन्ही खरी आहेत ना? मग झालं तर. बाकी झाकली मूठ सव्वा लाखाची." शेठनी मान हलवली होती. हरलो तर काय, हे त्यांना माहीत होते. भाड्याने द्यायचा काँक्रीटचा मिक्सर विकावा लागेल, कदाचित दुकानही. आणि इतक्या वर्षांचे नाव मातीत जाईल, ते वेगळेच.

न्यायाधीश बाई वयस्कर होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज मृदू. दोन्हीकडचे ऐकून घेतल्यावर त्या जागेवरून उठल्या आणि चक्क माझ्यापाशी आल्या. माझी मोडकी पायरी त्यांनी निरखून पाहिली. "हे आत पांढरं पांढरं काय आहे?"

 रंगारी कुबडी टेकत पुढे आला. माझ्या मोडक्या पायरीला त्या दिवसानंतर त्याचा हात पहिल्यांदाच लागला. नखाने त्याने थोडे उकरले, बोटांत चुरडले आणि त्याचा चेहरा उतरला. "पुट्टी आहे, मॅडम. भिंतीच्या भेगा भरतो ती." त्याने शेठकडे पाहिले. ती नजर माझ्याच्याने बघवेना.

रंगाऱ्याचा वकील ताडकन उभा राहिला. "पाहा! तडा दिसला, तो बुजवला, वरून रंग फासला आणि भाड्यानं दिली! वरून कीर्तन, आतून तमाशा! ही सरळ सरळ फसवणूक आहे!"

आणि मित्रांनो, त्या क्षणी तिथे बसलेल्या कुणालाही ते खरेच वाटले असते. फसवणारा माणूस अगदी तसेच करतो. हात तेच, पुट्टी तीच, रंग तोच. मनात काय होते, ते लाकडावर थोडेच उमटते?

तेवढ्यात मागून काकू उभ्या राहिल्या.  "ती पुट्टी मी भरली. ह्यांना ठाऊकसुद्धा नाही. मला वाटलं ओरखडा आहे. कुंड्यांना भरते तशी भरली. शिडी रंगवायची नसते, हे मला कुणी कधी सांगितलंच नाही हो." आणि मग रंगाऱ्याकडे वळून, "भाऊजी, मी तुम्हाला पाडलं का?" एवढे विचारून त्या रडू लागल्या.

त्यांचा वकील चटकन शेठच्या कानाशी वाकला. मी जवळच भिंतीला टेकलेली, म्हणून मला ऐकू आले. "गप्प बसा. त्यांनी स्वतःच कबूल केलंय. तुम्ही सुटलात."

शेठ उठले. वकिलाने कोट ओढला, तरी उठले.

"मॅडम, हिनं केलं ते न कळून केलं. पण मला कळत होतं. शिडीला रंग देत नाहीत, हे मला ही शिडी घेतली त्या दिवसापासून माहीत आहे. मी बोललो नाही. आधी हिला वाईट वाटेल म्हणून, मग धंदा वाढला म्हणून. तडा मला माहीत नव्हता, हे खरंय. पण माहीत का नव्हता? तर मी चढलो नाही. आयुष्यभर चढलो आणि ह्या वेळी नाही चढलो." त्यांनी आपल्या बुटांकडे बोट केले. "बुटानं रंग खराब होतो म्हणून, मॅडम. ह्यानं मला तोंडावर विचारलं, चढून पाहिलीस ना. मी म्हणालो, कोरी दिसतेय. नाही चढलो, असं सांगितलं असतं तर ह्यानं स्वतः चढून बघितलं असतं, आणि हा आज धडधाकट असता."

 न्यायाधीश बाईंनी रंगाऱ्याला विचारले, "रंगामुळे धोका असतो, हे तुम्हालाही माहीत असणार. मग तुम्ही का घेतलीत?"

"माहीत होतं, मॅडम. पण हा आधी चढतो, हे त्याहून जास्त माहीत होतं."

हे ऐकून शेठनी तोंड ओंजळीत लपवले. आणि रंगारी? तोही मोठा विचित्र माणूस. स्वतःच्या वकिलाकडे न बघता म्हणाला, "आता ह्यानं सांगितलंच आहे तर माझंही ऐका. अर्जात लिहिलंय की मी परत कधी चढणार नाही. परवा डॉक्टर म्हणाले, वर्षभरात चढशील. तेवढं दुरुस्त करून घ्या." दोन्हीकडच्या वकिलांची तोंडे एकाच वेळी आंबट झालेली मी त्या दिवशी पाहिली.

निकाल देताना न्यायाधीश बाई जे बोलल्या, ते मी जन्मभर विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "कायद्यात सद्भाव असा एक शब्द आहे. मनात कपट नसणं हा त्याचा पहिला अर्थ. या बाईंच्या मनात कपट नव्हतं. त्यांनी काही लपवलं नाही, त्यांना ते कळलंच नाही. त्यांना कुणी फसव्या म्हणू नये." मग त्या शेठकडे वळल्या. "तुम्हीही फसवलं नाहीत, हे मी मानते. पण तुमच्या शब्दावर दुसरा माणूस पाय ठेवणार होता. कसं बघायचं ते तुम्हाला येत होतं, आणि तुम्ही डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंत. मला माहीत नव्हतं, असं म्हणायचा हक्क ज्यानं नीट पाहिलं त्यालाच असतो. त्यामुळे उपचाराचा आणि बुडालेल्या कामाचा भार तुमच्यावर आहे." आणि पुढे त्या म्हणाल्या, "आज तुम्ही सांगितलंत ते तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तेही मी लिहून ठेवते."

मिक्सर विकला गेला. दुकानाची मागची बाजू दुसऱ्याला द्यावी लागली. पण बाजारात जे होईल असे शेठना वाटले होते, ते झाले नाही. लोक आधी चार दिवस कुजबुजले, मग पूर्वीसारखे येऊ लागले. "स्वतःच्या तोंडानं सांगितलं म्हणे," असे म्हणत येत. काकूंनी तर कंबरच कसली. पॉलिशपेपर आणि रंग खरवडायची लोखंडी पत्री घेऊन बसल्या आणि एकेका शिडीचा पिवळा रंग खरवडून काढला. नखे गेली, पण हटल्या नाहीत. वरून तेल चोळले. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. काकूही आता शेठ चढत असताना खाली उभ्या राहून कान देऊन ऐकू लागल्या.

माझे काय करायचे, हा प्रश्न होता. जळणात घाला, असे एकाने सुचवले.  पण शेठनी म्हाताऱ्या सुताराला बोलावले. तो म्हणाला, "दांडे अजून खणखणीत आहेत. एक पायरी नवी घालू. रंग जुळेल असं लाकूड शोधतो." शेठ म्हणाले, "रंग जुळायला नको. कुठली बदलली ते लांबून दिसलं पाहिजे." म्हणून ही माझी पांढुरकी पायरी. तरीही मला कुणी नेईना. मोडकी शिडी म्हणून जो तो दुसरी उचली. मी दाराशी उभी राहून धूळ खात होते. दिवस जात होते, आणि रंगारी काही येत नव्हता. शेठ दर थोड्या वेळाने रस्त्याच्या टोकाकडे बघत. काकू चहा टाकताना सवयीने एक कप जास्त टाकत आणि मग स्वतःच पिऊन टाकत.

एके सकाळी दारात पावले वाजली. एक पाऊल नीट, दुसरे जरा ओढलेले. मी ओळखले. चेहरा बघायची गरजच पडली नाही.

"अरे शेठ," तो म्हणाला, "शिडी."

शेठच्या हातातली बादलीच खाली पडली. ते धावतच सगळ्यात चांगली, नवी शिडी घेऊन आले. रंगाऱ्याने मान हलवली आणि माझ्याकडे बोट केले. "ही दे."

"अरे, ही? ही कशाला? ह्या बाकीच्या धडधाकट आहेत की!"

"असतील. पण हिचं काय मोडलं होतं ते मला माहीत आहे."

 शेठनी मला भिंतीला लावले, आणि रंगारी पाय उचलणार तोच हात आडवा घातला. "थांब. आधी मी चढतो." ते चढले. वय झाले होते, पोट सुटले होते, धापा टाकत होते, तरी प्रत्येक पायरीवर थांबून दणकन उडी मारली. पांढुरक्या पायरीवर तर तीनतीनदा मारली. काकू खालून ओरडल्या, "अहो पुरे! आता तुम्ही मोडाल!" आणि रंगारी हसला. किती दिवसांनी हसला.

मग तो चढला. अनवाणी.  दुखरा पाय प्रत्येक पायरीवर आधी हलकेच टेके, मग भार देई. पांढुरक्या पायरीपाशी तो थांबला. मी हळूच करकरले, जुन्या लाकडाने करकरावे तेवढेच. खाली शेठनी माझे दोन्ही दांडे घट्ट धरले होते. ते म्हणाले, "ऐकलं का रे? ती बोलतेय. चढ."

त्याच्या पायाची बोटे नव्या पायरीला घट्ट बिलगली. आणि वर पोचल्यावर त्याने गाणे सुरू केले. सूर पूर्वीइतकेच भयंकर होते. काकूंनी डोळे पुसत आत जाऊन चहा टाकला, आणि त्या दिवशी जास्तीचा कप उरला नाही.

मित्रांनो, रंग वाईट नसतो. भिंतीला द्या, खिडक्यांना द्या, माझा रंगारी तर त्यावरच जगतो. फक्त ज्याच्यावर दुसऱ्या कुणाचा पाय पडणार आहे, त्या लाकडाला देऊ नका. आणि उद्या मोठे होऊन तुम्ही काही विकाल, भाड्याने द्याल, नुसता शब्द जरी द्याल, तेव्हा कुणीतरी तुम्हांला विचारेल, "चढून पाहिलंस ना?" चढला असाल तर हो म्हणा. चढला नसाल तर तसे सांगा, आणि बूट घालून आधी तुम्ही चढा.